ओव्हन नाही, मग या कुकीज घट्ट होतात कशा?

ओव्हन न लावता होणारी चॉकलेट ओट्स कुकीजची रेसिपी मुळात अमेरिकन घरांमधली. तिथे काही भागात त्यांना प्रीचर कुकीज म्हणतात, पाद्रीबुवा लांबून येताना दिसले की ते दारात पोचेपर्यंत करून होतात अशी त्यामागची गोष्ट सांगतात (खरी असो नसो, भारी आहे). २ कप साखर, अर्धा कप दूध, अर्धा कप बटर, पाव कप कोको पावडर एकत्र उकळायचं, १ मिनिट खळखळू द्यायचं, गॅस बंद करून अर्धा कप पीनट बटर, जराशी व्हॅनिला आणि ३ कप ओट्स घालायचे आणि बटर पेपरवर चमच्याने गोळे टाकायचे, अर्ध्या तासात सेट. इतकं सोपं असूनही कोणाचा चिकट लगदा होतो आणि कोणाचा भुगा, आणि मग सगळे कोको पावडरच्या ब्रँडला नाहीतर ओट्सला नावं ठेवतात.

पण कोकोचा काही दोष नसतो हो. बऱ्याच जणांना वाटतं की चॉकलेट गार होऊन घट्ट होतं म्हणून कुकी सेट होते, तर तसं नाहीये. पाव कप कोकोमध्ये कोको बटर असतं ते जेमतेम काही ग्रॅम, ते काय ३ कप ओट्स धरून ठेवणार? नेहमीच्या कुकीत मैद्यातला स्टार्च आणि अंडं भट्टीत शिजून आकार धरतात, इथे दोन्ही नाही. ओट्स पण कच्चे नसतात, कारखान्यात चपटे करायच्या आधीच त्यांना वाफ दिलेली असते, नाहीतर त्यांच्यातलं एक एन्झाइम त्यांचंच तेल फोडून त्यांना कडू करतं.

धरून ठेवते ती साखर. म्हणजे ही कुकी वगैरे नावाला, खरं तर ही पाकातली वडी आहे. हिशोबच बघा ना. २ कप साखर म्हणजे ४०० ग्रॅम, आणि दूध आणि बटर यांतलं पाणी मिळून साधारण १२० ग्रॅम. एवढ्या पाण्यात खोलीच्या तापमानाला फार तर २५० ग्रॅम साखर विरघळून राहू शकते. गरम असताना सगळी मावते, गार व्हायला लागली की जास्तीच्या साखरेला बाहेर यावंच लागतं, आणि ती बाहेर येते बारीक बारीक स्फटिक होऊन. त्या स्फटिकांच्या जाळीत ओट्स अडकतात, उरलेलं थोडं पाणी ओट्स पिऊन टाकतात, झाली कुकी. हे होताना दिसतं पण. गोळा टाकला तेव्हा तो ओला आणि चकचकीत असतो, १०-१५ मिनिटांनी कडेपासून चमक जाऊन तो मॅट दिसायला लागतो, कारण स्फटिकांवर पडलेला उजेड सगळीकडे विखुरतो. नारळाच्या वड्या करताना कढईच्या कडेला पांढरी साखर दिसायला लागते ना, तेच हे.

आता ते १ मिनिट. ते मिनिट शिजवण्यासाठी नसून पाणी उडवण्यासाठी आहे, आणि सगळा घोळ इथेच होतो. कडेला चार बुडबुडे दिसले की लोक टायमर लावतात. ढवळलं तरी खाली बसत नाही अशी उकळी सगळ्या पातेल्यात आली की मगच वेळ मोजायची. त्यात परत पसरट कढईत पाणी भराभर उडतं, उभ्या पातेल्यात हळू, म्हणून माझं मत विचाराल तर घड्याळापेक्षा आपली आजी जे करते तेच बरं, वाटीत गार पाणी घ्या, थेंब टाका, बोटाने गोळा करून बघा. गोळीबंद पाकाच्या जरा अलीकडे, मऊ गोळी झाली की बंद. थर्मामीटर असेल तर ११० अंश सेल्सिअसच्या आसपास. महाबळेश्वरला राहत असाल तर तिथे पाणीच ९५-९६ अंशांना उकळतं, म्हणून १०५-१०६ वरच थांबा, ११० ची वाट बघितलीत तर पाणी जास्त उडून भुगाच हातात येईल.

सेट न झालेल्या कुकीज फ्रीजमध्ये टाकणं ही पळवाट. बटर गारठून कडक होतं एवढंच, बाहेर काढल्या की परत लगदा. परत गरम करून पाणी उडवणं हाच उपाय. उलट कोरड्या झाल्या तर चमचाभर गरम दूध घालून मिसळा. आणि पावसाळ्यात करत असाल तर लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, कारण हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर गेली की साखर हवेतलं पाणी ओढून पाझरायला लागते आणि जुलैत मुंबईत एवढी आर्द्रता म्हणजे रोजचंच.

हेल्दी व्हर्जनवाल्यांसाठी पण सांगते. गूळ घातला तर दूध फाटायची शक्यता, शिवाय गुळात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतात, ते साखरेच्या स्फटिकांच्या मधे कडमडतात आणि वर ओलावाही धरून ठेवतात, म्हणून गुळाच्या कुकीज चिकटच राहतात, मधाचं पण तेच. स्टीव्हियाने तर काहीच होणार नाही, गोडी येईल पण जाळी बनवायला साखरच नाही. तेव्हा साखर कमी हवी असेल तर कुकी लहान करा, आणि ओट्स घेताना पाकिटावर मसाला लिहिलेलं नाही ना तेवढं बघून घ्या.