गुडघे जुळलेले असणं वेगळं, उतरताना गुडघा आत जाणं वेगळं

फुटबॉलमध्ये हेडर मारून, म्हणजे उडी घेऊन डोक्यानं बॉल टोलवून, पोरगं खाली येतं, गुडघा आत जातो आणि शेजारी बसलेलं कोणतरी म्हणतं, "त्याचे पायच तसले हायत." कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर हे इतक्यांदा ऐकलंय की म्हटलं एकदा लिहूनच टाकू, कारण या गल्लतीत पोरांचं नुकसान होतंय.

पाय 'तसले' असणं म्हणजे नॉक नी. ही हाडाची ठेवण, नुसतं उभं राहिलं तरी गुडघे एकमेकांना लागतात आणि घोटे लांब राहतात. ३-४ वर्षांच्या पोरांत हे नॉर्मल असतं, ७-८ पर्यंत बहुतेकांचं आपोआप सरळ होतं. त्यानंतरही वाढत असेल किंवा एकाच पायाला असेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, बैठका मारून हाड सरळ होत नसतं.

दुसरी गोष्ट उभं राहिल्यावर दिसतच नाही, पाय एकदम सरळ, पण उडीवरून उतरताना मांडी खुब्यातून आत वळते, तळव्याची कमान खाली बसते आणि गुडघा आत पडतो, आणि हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होऊन जातं. एसीएल म्हणजे गुडघ्यातला तो महत्त्वाचा लिगामेंट, हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा, तो बऱ्याचदा अशाच वेळी जातो, पाय टेकल्यापासून साधारण ४० मिलिसेकंदात, आणि बहुतेक वेळा गुडघ्याला कुणाचा धक्काही लागलेला नसतो. पोरं सांगतात ना, "कोण आडवं आलं नव्हतं सर, नुसता उतरलो." फुटबॉल-बास्केटबॉलमध्ये मुलींना हा धोका मुलांपेक्षा २-३ पट. आता गुडघा आत गेला म्हणजे लिगामेंट तुटणारच असं अजिबात नाही, उगाच घाबरवू नका, पण ही हालचाल आहे, हाड नाही, म्हणजे शिकवून बदलता येते, आणि नेमकं हेच "पायच तसले" म्हणून सोडून दिलं जातं.

आमच्याकडं व्हॉलीबॉल खेळणारी १४ वर्षांची एक पोरगी आहे. दोन्ही गुडघ्यांच्या वाटीवर मधोमध टिकली लावली, ३० सेंटीमीटरच्या ठोकळ्यावरून खाली उतरून लगेच वर उडी मारायला लावली आणि समोरून मोबाईलवर स्लो मोशन घेतलं. उभी असताना दोन्ही टिकल्या पावलाच्या सरळ रेषेत, उतरताना डावी टिकली अंगठ्याच्याही आत. तिनं स्वतः तीनदा व्हिडिओ बघितला, मग म्हणाली, "हे मी करतोय व्हय?"

तिला तीनच गोष्टी सांगितल्या, बूड मागं घे, गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेव, आवाज न करता उतर. सोबत एका पायावरच्या बैठका आणि खुब्याच्या बाजूच्या स्नायूंचा व्यायाम. दीड महिन्यात ताजी असताना टिकली जागेवर राहायला लागली, पण प्रॅक्टिस संपल्यावर दमलेली असताना परत शूट केलं तर डावा गुडघा पुन्हा आत. म्हणून आता व्हिडिओ शेवटच्या सेटनंतरच घेतो.