रोमा लोकांचा छळ आणि १९५६ चा निकाल

डाव्या हातावर गोंदलेला आकडा, आणि आकड्याआधी ‘झेड’. जिप्सींना जर्मनीत ‘त्सिगॉयनर’ (Zigeuner) म्हणत, त्याचं ते आद्याक्षर. आउशवित्झ-बिर्केनाऊ या नाझी छळछावणीत १९४३ पासून सुमारे २३ हजार सिंती आणि रोमा, म्हणजे जिप्सींचेच दोन समाज, नेले गेले; त्यांतले जवळपास २१ हजार मेले. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री तिथल्या रोमा छावणीत उरलेल्या चार हजारांवर माणसांना, त्यात बायका, पोरं आणि म्हातारेच जास्त, विषारी वायूने मारलं.

कोणाला न्यायचं, याची माहिती आधीच गोळा झाली होती. नाझी राजवटीचा वंशशास्त्रज्ञ रॉबर्ट रिटर आणि त्याची माणसं वस्त्यांवर जाऊन डोक्यांची मापं घेत, रक्त घेत, वंशावळी लिहून काढत. असे सुमारे २४ हजार अहवाल झाले. त्याची सहकारी इव्हा युस्टिन या लोकांची रोमानी भाषा बोलायची, म्हणून लोक तिला ‘लोली छाई’, म्हणजे तांबडी पोरगी, म्हणत. (ही भाषा मूळची आपल्याकडची, पाण्याला त्यातही ‘पानी’च म्हणतात.) मुल्फिंगेनच्या अनाथाश्रमातल्या सिंती मुलांवर तिने प्रबंध लिहिला. तो होईपर्यंत मुलं तिथे राहिली. मे १९४४ मध्ये ३९ जणांना आउशवित्झला धाडलं, वाचली चार. युद्धानंतर रिटर आणि युस्टिन दोघांनाही फ्रँकफुर्ट शहराच्या आरोग्य खात्यात नोकरी मिळाली.

वाचलेले लोक भरपाई मागायला गेले, तर त्यांच्या अर्जांवर तज्ज्ञ म्हणून मत द्यायला काही ठिकाणी नाझी काळातले जुनेच पोलीस. पुढे ७ जानेवारी १९५६ ला पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ठरवलं, की १९४३ च्या आधीचा छळ वंशामुळे नव्हताच, तो यांच्या ‘समाजविघातक’ स्वभावामुळे होता. म्हणजे १९४० साली पोलंडला हाकललेली अडीच हजार माणसं हा निव्वळ पोलिसी बंदोबस्त! सक्तीने नसबंदी झालेल्यांचीही अशीच परवड झाली. १९६३ मध्ये न्यायालय थोडं मागे सरलं आणि १९३८ पासूनच्या छळात वंशाचं कारण असू शकतं, एवढं मान्य केलं. तोवर कितीतरी अर्ज कायमचे निकालात निघाले होते.

आपल्याकडे गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. जर्मनीतल्या बव्हेरिया राज्याने फिरस्त्यांवर नजर ठेवायचा नवा कायदा १९५३ मध्ये केला आणि तो १९७० पर्यंत चालवला. पारध्यांच्या वस्तीवर रात्री येणारी पोलिसांची गाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं समजावायला नको.

१९८० च्या ईस्टरला डाखाऊच्या जुन्या नाझी छावणीत सिंती कार्यकर्ते उपोषणाला बसले. हा वंशसंहार होता, हे चॅन्सेलर हेल्मुट श्मिट यांनी १९८२ मध्ये मान्य केलं. त्याच्या आदल्याच वर्षी, सप्टेंबरात, सिंती कार्यकर्त्यांनी ट्युबिंगेन विद्यापीठाच्या अभिलेखागारात ठिय्या दिला होता. रिटरच्या दफ्तरातले कागद तिथे पडून होते. ते त्यांनी त्याच दिवशी कोब्लेंझच्या राष्ट्रीय अभिलेखागारात हलवायला लावले.