कस्टम कार सबवूफर

कस्टम कार सबवूफर म्हणजे गाडीच्या आणि स्पीकरच्या मापाने बॉक्स बनवून डिक्कीत, सीटखाली किंवा स्टेपनीच्या खड्ड्यात बसवलेला बेसचा वेगळा स्पीकर. साधारण २० ते ८० हर्ट्झचा, म्हणजे अगदी खालच्या पट्टीतला आवाज हा सांभाळतो, कारण दारातल्या साडेसहा इंची स्पीकरला तेवढं खाली नीट जाता येत नाही. रेडीमेड बॉक्सपेक्षा बनवून घेतलेला का बरा, तर बेस कसा येणार हे वॉटपेक्षा बॉक्सवर जास्त ठरतं, आणि पुण्यात अजूनही लोक दुकानात जाऊन पहिला प्रश्न "किती वॉटचा आहे?" हाच विचारतात. पॅकिंगच्या खोक्यावर मोठ्ठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुधा पीकचा, म्हणजे क्षणभरच झेपणाऱ्या पॉवरचा असतो, तो सोडून द्या, आरएमएस, म्हणजे सतत झेपणारी पॉवर, बघा.

बॉक्सचे मुख्य प्रकार दोन, सील्ड आणि पोर्टेड. सील्ड पूर्ण बंद असतो, आकाराने लहान, बेस आटोपशीर आणि तालाला घट्ट. पोर्टेडला हवा जायला नळी किंवा फट ठेवतात, ती बऱ्याचदा ३० ते ४० हर्ट्झच्या मध्ये ट्यून करतात, तेवढ्याच पॉवरवर दणका जास्त मिळतो पण बॉक्स मोठा लागतो आणि ट्यूनिंगच्या खाली स्पीकरच्या कोनला (पुढच्या हलणाऱ्या पडद्याला) हवेचा आधार राहत नाही, म्हणून ॲम्पवरचा (ॲम्प्लिफायरवरचा) अतिखालचा आवाज अडवणारा सबसोनिक फिल्टर चालू नसेल तर स्पीकर फाटू शकतो. कुठल्या स्पीकरला किती लिटरचा बॉक्स लागतो हे अंदाजपंचे नसतं. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडलेलं आणि पुढे १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी वाढवलेलं गणित त्यामागे आहे, स्पीकरसोबत येणाऱ्या कागदावर त्याचे गुणधर्म सांगणारे एफएस, क्यूटीएस, व्हीएएस असे आकडे असतात ते याच गणितातले.

पुण्यात सामान साधारण तीन ठिकाणी फिरून गोळा होतं. स्पीकर, ॲम्प, ॲक्सेसरीज नाना पेठेत, एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला फळा) आणि प्लाय भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये, आणि वायर, कनेक्टर, फ्यूज वगैरे किरकोळ वस्तू बुधवारातल्या तपकीर गल्लीत. फर्निचर करणारा सुतार बॉक्स उत्तम बनवू शकतो, फक्त त्याला बाहेरचं माप सांगून मोकळं व्हायचं नाही. समजा बाहेरून ४० बाय ४० बाय ३० सेंटीमीटरचा बॉक्स १८ मिलीमीटरच्या एमडीएफमध्ये केला, तर बाहेरून ४८ लिटर दिसतो पण आत उरतात फक्त ३५, त्यातून मॅग्नेटची आणि आधाराच्या पट्ट्यांची जागा अजून वजा. सांधे फेविकॉल लावून स्क्रूने आवळायचे, स्क्रूआधी बारीक भोक पाडायचं नाहीतर एमडीएफची कड फुटते, आणि आतून सगळ्या कोपऱ्यांना सिलिकॉन भरून एक दिवस वाळू द्यायचं, ओल्या सिलिकॉनवर स्पीकर चढवायचा नाही. सील्ड बॉक्स गळतो का हे बघायला बसवलेल्या स्पीकरचा कोन हळूच आत दाबून सोडा, सावकाश परत आला तर ठीक, टपकन आला तर कुठेतरी फट आहे.

डिक्कीची जागा वाचवायची असेल तर चाकाच्या कमानीमागच्या पोकळीत फायबरग्लासचा बॉक्स करतात. पत्र्यावर मास्किंग टेप आणि फॉइल लावून त्यावर काचतंतूची मॅट आणि रेझिनचे थर चढवायचे, निघालेल्या साच्याला पुढे एमडीएफची रिंग जोडायची, मग पुट्टी, घासणं, परत पुट्टी. हे काम जुलै-ऑगस्टमध्ये काढू नये, दमट हवेत रेझिन चिकटच राहतं. पाऊस एमडीएफचाही वैरी आहे, डिक्कीचं रबर गळत असेल तर बॉक्सचा तळ फुगतो, म्हणून कार्पेट किंवा रेक्झिन लावायच्या आधी लाकडाला सीलर मारून घ्या.

वायरिंगमध्ये लोक पैसे वाचवतात आणि तिथेच फसतात. ३०० वॉट आरएमएसचा क्लास डी ॲम्प पूर्ण जोरात २५-३० अँपिअर ओढतो, त्याला अस्सल तांब्याची वायर लागते, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नाही. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत हवाच, अर्थिंगच्या जागी पत्र्याचा रंग खरवडून काढायचा, आणि पॉवर केबल एका बाजूने नेली तर आरसीए (डेककडून, म्हणजे गाडीच्या स्टिरिओकडून, ॲम्पला आवाजाचा सिग्नल नेणारी वायर) दुसऱ्या बाजूने, नाहीतर ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून कुईं आवाज येतो. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायरी कापू देऊ नका, न कापता जोडायचे कपलर मिळतात. बऱ्याच सीएनजीवाल्यांची डिक्की सिलेंडरनेच भरलेली असते, त्यांनी सरळ सीटखालचा चपटा सब घ्यावा आणि गॅसच्या पाइपजवळ ड्रिल फिरकू देऊ नये.

ट्यूनिंगला मल्टिमीटर पुरतो. स्पीकर काढून ठेवायचा, डेकचा आवाज पाऊण करायचा, ५० हर्ट्झचा टोन लावायचा. ४ ओहमला ३०० वॉट हवे तर ३०० गुणिले ४ म्हणजे १२००, त्याचं वर्गमूळ ३४.६, ॲम्पच्या आउटपुटला तेवढे एसी व्होल्ट दिसेपर्यंतच गेन फिरवायचा. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, डेकच्या सिग्नलशी ॲम्प जुळवायचं बटण, हे दुकानातल्या पोराला पण सांगावं लागतं. लो पास (त्याच्या वरचा आवाज सबला न जाऊ देणारा फिल्टर) ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा, आणि फेजचं बटण (सबचा कोन बाकी स्पीकरबरोबर हलतो की उलटा, हे ठरवणारं) उलटसुलट करून ड्रायव्हर सीटवरून जिथे बेस भरीव लागेल तिथे सोडा.

यानंतर खडखड सुरू होते. नंबर प्लेट, डिक्कीचं झाकण, मागचा पार्सल ट्रे, सगळं सबबरोबर वाजायला लागतं, बाहेरून ऐकणाऱ्याला पत्र्याचा डबाच वाजतोय असं वाटतं. डिक्कीच्या पत्र्याला ब्युटाइल शीट (चिकट रबरी पत्रा) आणि नंबर प्लेटमागे स्पंजची पट्टी, इतक्यावर बराच फरक पडतो. सोसायटीत शिरताना मात्र आवाज कमी करावा, २००० च्या ध्वनी प्रदूषण नियमांनुसार राहत्या भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि बेस काच बंद असली तरी बाहेर जातोच.

गाडी विकताना या बॉक्सचे पैसे सहसा कोणी देत नाही, आणि एका गाडीच्या मापाचा बॉक्स दुसरीत बसेलच असं नाही. म्हणून स्पीकर-ॲम्प काढून घेतात आणि डिक्कीचं मूळ कार्पेट परत अंथरतात, तेवढ्यासाठी ते पहिल्या दिवसापासून माळ्यावर जपून ठेवा.