वाटाणा, परड्यातील (बेळगाव सीमाभाग)

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या कर्नाटकाच्या सीमाभागात घरामागच्या परड्यात हिवाळ्यात घेतले जाणारे शेंगवर्गीय वेलपीक. शास्त्रीय नाव पायसम सटायव्हम, कुल फॅबेसी. बाजारात ओल्या शेंगेला मटार म्हणतात, कानडी शेजारी बटाणी म्हणतात. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर या भाताच्या शिवारात सुगीनंतर उरलेल्या ओलीवर मसूर-हरभऱ्याबरोबर वाटाणाही पेरतात. परड्यातली लागवड त्याहून वेगळी, कारण तिथे पीक वाळवायचे नसते, दाणा कोवळा असतानाच खायचा असतो.

वाटाण्याला १० ते २० अंश सेल्सिअसची हवा मानवते. उन्हाचा ताप वाढला की फुले गळतात आणि दाणा पिठूळ होतो. सुमारे ७५० मीटर उंचीवरच्या बेळगावात अशी थंडी नोव्हेंबर ते जानेवारी एवढीच टिकते, म्हणून सारी लागवड पेरणीच्या दिवसावर तोललेली असते. पश्चिमेकडे खानापूरच्या तांबड्या जांभ्या मातीत परतीचा पाऊस लांबला तर बी वाफ्यातच कुजते. तिथे घाई केलेली सोसत नाही. निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या रानात पाणी साचून राहते, म्हणून वरंब्याच्या बगलेला टोकतात. अथणीकडे फेब्रुवारीचे ऊन लवकर तापते, त्यामुळे उशिराची पेरणी वाया जाते. बोनव्हिल ही ८५ ते ९० दिवसांची जात दसऱ्याला टोकली तर भोगीच्या भाजीला घरच्या शेंगा मिळतात. अर्केल ६० ते ६५ दिवसांत येते. ती दिवाळीच्या सुमारास टोकली तरी चालते. दोन्हींचे बी सुरकुतलेले, म्हणजे गोड जातीचे. किराणा दुकानातला गुळगुळीत पांढरा वाटाणाही उगवतो, पण तो उसळीचा. ओला खायला त्यात फारशी गोडी नाही.

बी रात्रभर भिजवून ३ ते ५ सेंटिमीटर खोल, दोन बियांत चार बोटांचे अंतर ठेवून टोकतात. त्याआधी वाफ्यात कुजलेले शेणखत मिसळावे. जांभ्या मातीचा आंबटपणा मोडायला चुलीतली राख उपयोगी पडते. युरिया मात्र टाळावा. मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र धरून देतात, आणि वरून नत्र दिला तर पाला माजतो, शेंगा रोडावतात. गाठ नखाने फोडली आणि आत गुलाबी दिसली तर ती कामाला लागली आहे असे समजावे. रोप वीतभर झाले की आधार द्यावा: तुराट्या किंवा बांबूच्या फांद्या रोवल्या की वेलतणावे आपोआप धरतात. बुटक्या अर्केललाही थोडा आधार बरा, नाहीतर खालच्या शेंगा मातीला टेकून सडतात. पाणी बेताने द्यावे, पण फुले लागताना आणि शेंगा भरताना ताण पडू देऊ नये.

रोगांत भुरी मुख्य. दिवसा कोरडे ऊन आणि रात्री गारठा असा जानेवारी लागला की पानांवर पांढरी पूड चढते. वेळेवर पेरलेले पीक तिच्या आधीच बरेचसे तोडून होते, हाच खरा उपाय. बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेची ‘अर्का अजित’ ही जात भुरी आणि तांबेरा दोन्हींना दाद देत नाही, म्हणून उशीर झाला असेल तर तीच लावावी. मावा आणि शेंगा पोखरणारी अळी हाताने वेचण्याइतक्याच असतात. उंदीर आणि पोपट यांचा बंदोबस्त कोणत्याही पुस्तकात नीट सापडत नाही.

फूल उमलल्यापासून सुमारे तीन आठवड्यांत शेंग भरते. भरलेली शेंग गोलसर, तकतकीत हिरवी असते. तिचा तजेला जाऊन सालीवर जाळी उठू लागली की एक-दोन दिवस उशीर झाला असे समजावे. शेंगा खालून वर पिकत जातात, त्यामुळे एक दिवस आड फिरावे लागते. जून शेंगा वेलावर राहिल्या तर वेल नवी फुले धरणे सोडतो. तोडताना एका हाताने वेल धरून दुसऱ्या हाताने देठ खुडावे. मुळे वरवरची असल्याने ओढाताण केली की वेल बुडापासून हलतो, आणि ही चूक मुले हमखास करतात. तोडणी सकाळी करावी, कारण शेंग तोडल्याबरोबर दाण्यातल्या साखरेचे पिष्ट होऊ लागते आणि उन्हात ते झपाट्याने होते. बाजारातली शेंग गाडीत एक-दोन दिवस काढूनच मंडईत येते. परड्यातली तासाभरात पातेल्यात पडते. चवीतला फरक इथला आहे, खताचा नाही. उत्पन्नाच्या हिशेबाने मात्र हा उद्योग परवडत नाही: किलोभर शेंगा सोलल्या की दाणा जेमतेम अर्धा किलो भरतो, आणि चार माणसांच्या एका रश्शात एक छोटा वाफा संपतो.

वाटाण्याचे फूल उमलण्याआधीच स्वतःच्या परागाने फळते. ग्रेगोर मेंडेलने १८६६ साली प्रसिद्ध केलेल्या आनुवंशिकतेच्या प्रयोगांसाठी हेच झाड निवडले, त्याचे हे एक कारण. परड्यातल्या माणसाला त्याचा फायदा असा की शेजारी दुसरी जात असली तरी बी सहसा भेसळत नाही. त्यासाठी निरोगी वेलाच्या खालच्या शेंगा मुद्दाम वाळू देतात, दाणे कडक उन्हात तापवून राखेत घालून डब्यात ठेवतात. राख नसली तर भुंगा पावसाळ्यातच डबा पोखरतो. काढणी झाल्यावर वेल जमिनीलगत कापून म्हशीला घालतात आणि मुळे मातीतच ठेवतात. त्या वाफ्यात उन्हाळ्यात मेथी किंवा चाकवत चांगला येतो. वाटाणा मात्र निदान दोन वर्षे दुसऱ्या वाफ्यात न्यावा, नाहीतर मर रोग मातीत घर करतो.