अँटिबायोटिकचा धडा शाळेत इतका उशिरा का?

११ डिसेंबर १९४५. नोबेल पारितोषिकाच्या भाषणात पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी एका काल्पनिक गृहस्थाची कथा सांगितली. त्याचा घसा दुखतो. तो स्वतःच्या मनाने पेनिसिलिन घेतो, पण अपुरं. जंतू मरत नाहीत, उलट तरबेज होतात. मग तेच जंतू बायकोला गाठतात. तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही आणि ती दगावते. पेनिसिलिन उद्या दुकानात कुणालाही मिळू लागलं तर काय होईल, याचा हा इशारा.

आपल्याकडे तेव्हा काळजी वेगळीच होती: औषधच मिळत नव्हतं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली. पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. टंचाईतून बाहेर पडणाऱ्या लोकांना 'जपून वापरा' कोण सांगणार? दोन गोळ्या घेऊन बरं वाटलं की उरलेल्या डब्यात ठेवायच्या, पुढच्या तापाला काढायच्या, ही सवय घरोघरी मुरली.

२०१० मध्ये 'एनडीएम-१' गाजलं. हे जंतूंमधलं अँटिबायोटिक निकामी करणारं विकर (एन्झाइम); नावातलं 'एनडी' म्हणजे न्यू दिल्ली. नवी दिल्लीत उपचार घेतलेल्या एका स्वीडिश रुग्णाच्या जंतूंत ते आधी सापडलं होतं. आपल्याकडे मात्र चर्चा रंगली ती त्यात दिल्लीचं नाव का, यावर. त्यानंतर नियम आले. १ मार्च २०१४ पासून 'शेड्यूल एच१' लागू झालं. त्यातल्या ४६ औषधांची विक्री करताना मेडिकलवाल्याने डॉक्टर आणि रुग्णाचं नाव वहीत नोंदवून ती तीन वर्षं जपायची. घरोघरी ओळखीची अमॉक्सिसिलिन आणि ॲझिथ्रोमायसिन मात्र त्या यादीत नव्हती. ती जुन्या 'शेड्यूल एच'मध्येच, म्हणजे फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकायच्या औषधांच्या यादीतच, राहिली. २०१६ मध्ये पाकिटावरची लाल रेघ ओळखा, म्हणजे असं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, अशी मोहीम निघाली.

हे सगळं काउंटरच्या आतल्या बाजूसाठी होतं, निदान बरंचसं. बाहेरच्या बाजूला पुष्कळदा असतं नववी-दहावीचं पोर: रिकामी स्ट्रिप हातात, 'हीच द्या' हा घरचा निरोप तोंडात. सर्दी विषाणूने होते, तिथे अँटिबायोटिक निरुपयोगी, हे त्याला सांगितलंय कुणी? युरोपात जंतू आणि अँटिबायोटिकविषयी शिकवणारा 'ई-बग' हा शालेय उपक्रम २००९ मध्येच सुरू झाला. आपल्या राज्य मंडळाच्या आठवीच्या विज्ञानात औषधांच्या गैरवापराचा उल्लेख आहे, पण भर आहे मळमळ, जुलाब, पुरळ अशा त्रासांवर. जंतू निर्ढावतात आणि ते घरातल्या दुसऱ्यालाही गाठतात, हा फ्लेमिंग यांचा मुद्दा तिथे मागेच पडतो.