मातीचे सामर्थ्य आणि पाणी

मातीचा एक भाग दुसऱ्या भागावरून घसरू लागला की माती जो विरोध करते, त्याच्या कमाल मर्यादेला मातीचे कर्तन सामर्थ्य म्हणतात. इमारतीचा पाया, मातीचे धरण, रस्त्याचा भराव, संरक्षक भिंत आणि डोंगराचा नैसर्गिक उतार या सर्वांचे स्थैर्य याच सामर्थ्यावर अवलंबून असते, आणि पाण्याइतका त्यात बदल घडवणारा दुसरा घटक नाही. कण तेच, वरचा भारही तोच, पण कणांमधल्या पोकळ्यांतील पाण्याचा दाब वाढला, तर वर्षानुवर्षे उभा असलेला उतार काही तासांत कोसळू शकतो. याउलट, पाणी योग्य प्रमाणात व योग्य स्थितीत असेल तर तेच मातीला बळ देते.

पाणी मातीला निसरडी करते आणि म्हणून ती घसरते, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे, आणि त्यामुळे उपायही चुकतात, म्हणून त्याचा विचार आधीच केलेला बरा. क्वार्ट्झसारख्या खनिजांचे ओले पृष्ठभाग कोरड्या पृष्ठभागांपेक्षा कमी घर्षण करतात असे प्रयोगांत दिसत नाही. पुष्कळदा ओल्या पृष्ठभागांचे घर्षण अधिकच भरते. शिवाय दमट हवामानातील मातीत, अगदी कोरड्या दिवसांतही, कणांवर पाण्याचा पातळ थर असतोच. वंगणासाठी तेवढे पाणी पुरेसे असते, मग उतार पावसाळ्यातच का घसरतात, याचे उत्तर वंगणाच्या कल्पनेतून मिळत नाही. ते पाण्याच्या दाबातून मिळते.

माती म्हणजे घन कणांचा सांगाडा व त्यातील पोकळ्या. या पोकळ्यांत हवा, पाणी किंवा दोन्ही असतात. फ्रेंच अभियंता शार्ल ऑग्युस्तँ कूलंब याने 1776 मध्ये मातीच्या सामर्थ्याचे दोन भाग मांडले : एक चिकटपणामुळे येणारा आणि दुसरा घर्षणामुळे येणारा. घर्षण हे कण एकमेकांवर किती जोराने दाबले गेले आहेत त्यावर ठरते. मात्र वरून येणारा सगळा भार कणांच्या स्पर्शबिंदूंतूनच जात नाही. संपृक्त मातीत, म्हणजे सगळ्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या मातीत, त्यातला काही वाटा पोकळ्यांतील पाणी उचलते. पाण्याला कर्तन सामर्थ्य नसते, त्यामुळे पाण्याने उचललेला वाटा घर्षणाच्या हिशेबात येत नाही. एकूण प्रतिबलातून (एकक क्षेत्रफळावर येणाऱ्या भारातून) छिद्रजलदाब, म्हणजे पोकळ्यांतील पाण्याचा दाब, वजा केल्यावर जे उरते ते प्रभावी प्रतिबल, आणि मातीचे सामर्थ्य व तिचे दबणे ही दोन्ही याच राशीवर ठरतात. हे तत्त्व ऑस्ट्रियन अभियंता कार्ल टेरझागी यांनी 1920 च्या दशकात मांडले. मृदा यांत्रिकी ही स्वतंत्र शास्त्रशाखा म्हणून उभी राहिली ती याच तत्त्वावर.

एक साधे गणित हे स्पष्ट करील. वाळूमिश्रित मातीच्या थरात 5 मीटर खोलीवरील बिंदू घेऊ. भूजल पातळी त्या बिंदूच्या खाली असेल आणि ओलसर मातीचे वजन घनमीटरला 18 किलोन्यूटन असेल, तर तेथील प्रतिबल 90 किलोपास्कल होते आणि ते सगळे कणांवरच येते. आता पाण्याची पातळी जमिनीपर्यंत चढली असे समजू. संपृक्त मातीचे वजन घनमीटरला 20 किलोन्यूटन धरले तर एकूण प्रतिबल 100 किलोपास्कल होईल, म्हणजे आधीपेक्षा जास्त. पण त्याच खोलीवर पाण्याचा दाब 49 किलोपास्कल असल्याने प्रभावी प्रतिबल 51 किलोपास्कलच उरेल. माती जड झाली, तरी घर्षणातून मिळणारा तिचा विरोध चाळीस टक्क्यांहून अधिक घटला. याच नियमामुळे हजारो मीटर पाण्याखाली असूनही समुद्रतळावरचा वरचा गाळ मऊ राहतो : वरच्या पाण्याने एकूण प्रतिबल आणि छिद्रजलदाब सारखेच वाढतात आणि कणांवर अधिक भार येत नाही.

भूजल पातळीच्या वर चित्र उलटे असते. तेथे पोकळ्यांत हवा व पाणी दोन्ही असतात, आणि पृष्ठताणामुळे कणांच्या सांध्यांवर पाण्याचे लहान वक्र पडदे तयार होतात. या पाण्याचा दाब वातावरणाच्या दाबापेक्षा कमी असतो. ते कणांना एकमेकांकडे ओढते. ओल्या वाळूचा उभा कडा काही काळ टिकतो आणि तीच वाळू पूर्ण वाळल्यावर किंवा पूर्ण बुडाल्यावर ढासळते, याचे कारण हे चूषण होय. पोकळ्या जितक्या बारीक तितके ते प्रबळ : 0.03 मिलिमीटर व्यासाच्या नळीत पाणी केशाकर्षणाने सुमारे 1 मीटर चढते, आणि चिकणमातीतील पोकळ्या याहून कितीतरी सूक्ष्म असतात. अनेक तीव्र उतार प्रत्यक्षात या चूषणावरच उभे असतात. ते सामर्थ्य खरे असले तरी उसने आहे. पाणी मुरत गेले की ते नाहीसे होते. म्हणूनच उताराची सुरक्षितता कोरड्या ऋतूत पाहून ठरवू नये.

पावसाने उतार घसरतात ते दोन टप्प्यांत. आधी वरच्या थरातील चूषण संपते; नंतर, खाली कातळ किंवा कमी पार्य (पाणी सहज जाऊ न देणारा) थर असेल तर त्यावर पाणी साठून उताराला समांतर वाहू लागते आणि छिद्रजलदाब वाढतो. वाहते पाणी कणांना आपल्या दिशेने ढकलते, हा झिरप्याचा भारही त्यात मिळतो. घर्षणकोन (कणांमधील घर्षण किती ते सांगणारा कोन) 34 अंश असलेल्या, चिकटपणा नसलेल्या कोरड्या वाळूचा लांबलचक उतार 34 अंशांपर्यंत टिकतो. त्याच उतारात पृष्ठभागापर्यंत पाणी भरून समांतर वाहू लागले, तर तो साधारण 19 अंशांपर्यंतच सुरक्षित राहतो. आदल्या काही दिवसांचा पाऊस महत्त्वाचा ठरतो तो यामुळेच, कारण आधीच ओल्या झालेल्या उताराला तुलनेने थोडा पाऊसही पुरतो. हाँगकाँगमध्ये 18 जून 1972 रोजी अतिवृष्टीनंतर साऊ माऊ पिंग आणि पो शान रोड येथे एकाच दिवशी झालेल्या दोन दुर्घटनांत 138 लोक मृत्युमुखी पडले. त्यांपैकी साऊ माऊ पिंगचा उतार हा न ठोकता टाकलेला भराव होता. तेथेच 1976 मध्ये पुन्हा भराव कोसळला, आणि 1977 मध्ये उतारांच्या देखरेखीसाठी शासनाने स्वतंत्र कार्यालय स्थापन केले.

पाण्याचा परिणाम केव्हा जाणवेल हे पार्यतेवर ठरते, आणि या विषयात सर्वाधिक गफलत होते ती येथे. फ्रेंच अभियंता आंरी दार्सी याने 1856 मध्ये मांडलेल्या नियमानुसार मातीतून जाणाऱ्या पाण्याचा प्रवाह जलदाबाच्या उताराच्या, म्हणजे दर मीटर वाटेमागे पाण्याची दाब-उंची किती मीटर घटते त्याच्या, प्रमाणात असतो. त्यातील पार्यतेचा गुणक वाळूपासून चिकणमातीपर्यंत दहा लाख पट किंवा त्याहूनही अधिक बदलतो. वाळूवर भार पडला की पाणी लगेच निघून जाते. चिकणमातीत ते अडकते, सुरुवातीला जवळजवळ सगळा नवा भार पाणीच उचलते, आणि पुढे महिने किंवा वर्षे ते हळूहळू बाहेर पडत असताना भार कणांवर येतो, माती दबते व बळकट होते. या क्रियेला दृढीकरण म्हणतात. मऊ चिकणमातीवर भराव टाकला तर सर्वांत धोक्याचा काळ भराव पूर्ण होतानाचा असतो, कारण त्या वेळी भार पूर्ण असतो पण सामर्थ्य अजून वाढलेले नसते. म्हणून असा भराव टप्प्याटप्प्याने टाकतात, किंवा जमिनीत उभ्या निचरा-वाहिन्या बसवून पाण्याचा मार्ग आखूड करतात.

कठीण चिकणमातीत खोदकाम केले तर नेमके उलटे घडते. वरचा भार निघाल्याने माती फुगू पाहते, पोकळ्यांतील दाब घटतो आणि नुकताच खोदलेला उतार भक्कम वाटतो. पण आसपासचे पाणी हळूहळू आत ओढले जाते, दाब वाढतो आणि सामर्थ्य घटत जाते. इंग्लंडमधील लंडन चिकणमातीत रेल्वेसाठी खोदलेले कित्येक उतार काही दशके उभे राहून मग घसरले. ब्रिटिश मृदा-अभियंता ॲलेक स्केम्प्टन यांनी या विलंबित घसरणींचा बारकाईने अभ्यास केला. खोदलेला उतार पहिल्या वर्षी टिकला म्हणजे तो कायमचा टिकेल, असे मानता येत नाही. जमिनीखालचे पाणी उपसल्यानेही दृढीकरण होते. मेक्सिको सिटीत भूजल उपशामुळे काही भागांत जमीन विसाव्या शतकात कित्येक मीटर खचली.

द्रवीकरण हा पाण्याच्या दाबाचा सर्वांत नाट्यमय परिणाम आहे. सैल वाळू हलवली की तिचे कण जवळ येऊ पाहतात. ती संपृक्त असेल आणि भूकंपाच्या हादऱ्यांत पाणी निघून जायला अवधी नसेल, तर प्रत्येक हादऱ्यासरशी छिद्रजलदाब वाढत जातो. तो एकूण प्रतिबलाइतका झाला की कणांचा परस्परांवरील दाब शून्य होतो आणि वाळू दाट द्रवासारखी वागते. 16 जून 1964 च्या भूकंपात जपानमधील नीगाता येथे काही निवासी इमारती मोडतोड न होता तशाच्या तशा कलंडल्या, कारण त्यांच्याखालची जमीनच द्रवरूप झाली होती. उत्तर बिहारमध्ये 1934 च्या भूकंपात अशाच कारणाने विस्तीर्ण पट्ट्यात जमीन खचली आणि भेगांतून वाळू-पाणी उसळले. घट्ट ठोकलेल्या वाळूच्या कणांना मात्र घसरण्यासाठी एकमेकांवर चढावे लागते. ती प्रसरण पावते, पाणी आत ओढते आणि तिचा विरोध वाढतो.

नॉर्वे, स्वीडन व कॅनडातील काही चिकणमात्या खाऱ्या समुद्रात साचल्या आणि नंतर जमीन वर आल्यावर गोड्या पाण्याने त्यांतील मीठ धुऊन नेले. कणांची सैल रचना टिकून राहिली, पण तिला धरून ठेवणारे बंध क्षीण झाले. नॉर्वेतील रिसा येथे 29 एप्रिल 1978 रोजी एका शेतातील लहानशा खोदकामाची माती तलावाच्या काठी टाकली गेली, तेवढ्या निमित्ताने अशा मातीची सुमारे 33 हेक्टर जमीन वाहून गेली. येथे पाण्याने दाबापेक्षा रासायनिक मार्गाने काम केले होते.

खालून वरच्या दिशेने वाहणारे पाणी कणांना उचलते. जलदाबाचा उतार साधारण 1 इतका झाला की वाळूतील कणांचे वजन पेलले जाते आणि ती उकळल्यासारखी दिसू लागते. धरणाच्या किंवा बंधाऱ्याच्या खालच्या बाजूस असे झाले तर कण वाहून जाऊन उलट दिशेने बोगदा वाढत जातो. अभियंते याला पायपिंग म्हणतात. अमेरिकेतील आयडाहो राज्यातील टेटन धरण 5 जून 1976 रोजी पहिल्यांदाच भरत असताना फुटले, 11 जणांचा बळी गेला. वाऱ्याने आणलेल्या बारीक, सहज झिजणाऱ्या मातीचा गाभा आणि तडे गेलेला कातळ यांच्या सांध्यातून पाण्याने वाट काढली होती. यावरचा खरा उपाय पाणी पूर्ण अडवणे हा नसून ते कण न नेता बाहेर येऊ देणे हा आहे. गाळणी थर त्यासाठीच असतो : पाणी सहज जाईल इतका भरड आणि गाभ्याचे कण अडतील इतका बारीक. धरणाच्या जलाशयाकडील बाजूस निराळा धोका असतो. जलाशय वेगाने रिकामा केला तर बाहेरचा आधार जातो, पण मातीतला छिद्रजलदाब तसाच राहतो. कॅलिफोर्नियातील सॅन लुइस धरणाचा उतार 1981 मध्ये असाच घसरला.

फुगणाऱ्या व कोसळणाऱ्या मात्यांचा उल्लेख थोडक्यात पुरे. माँटमोरिलोनाइट हे खनिज असलेली काळी माती पाणी शोषून फुगते व वाळताना भेगाळते. हलक्या इमारतींना तडे जातात, म्हणून पाया ओल-सुकीच्या थराखाली नेतात. वाऱ्याने साचलेली लोएस माती कोरडी असताना उभा कडा धरते, पण भिजली की तिची पोकळ रचना कोसळते.

माती ठोकून घट्ट करतानाही पाण्याचे प्रमाण मोजूनच ठरवावे लागते. लॉस एंजेलिसचे अभियंता राल्फ प्रॉक्टर यांनी 1933 मध्ये दाखवले की ठरावीक मेहनतीने मिळणारी घनता एका विशिष्ट ओलाव्याला सर्वाधिक असते. त्याहून कोरड्या मातीत कण जागचे हलत नाहीत, त्याहून ओल्या मातीत पाणीच जागा अडवते. रोलर असो वा धुम्मस, हा नियम बदलत नाही.

संरक्षक भिंतींच्या बाबतीत पाण्याचा हिशेब विसरण्याची किंमत फार मोठी असते. 5 मीटर उंच भिंतीमागे निचरा होणारी, 30 अंश घर्षणकोनाची माती असेल तर प्रत्येक मीटर लांबीला सुमारे 75 किलोन्यूटन रेटा येतो. पाणी वरपर्यंत तुंबले तर मातीचा रेटा 42 किलोन्यूटनवर उतरतो, पण पाण्याचा 123 किलोन्यूटन रेटा त्यात मिळून एकूण 165 किलोन्यूटन होतो. भिंतीमागे खडीचा थर व भिंतीत पाणी निघण्याची छिद्रे ठेवणे हे भिंत दुप्पट जाड करण्यापेक्षा स्वस्त आणि परिणामकारक आहे. ती छिद्रे मातीने बुजली तर मात्र केलेला सगळा हिशेब व्यर्थ जातो. उतारांवर वरच्या बाजूस चर खोदून पावसाचे पाणी वळवणे, आडव्या नळ्या घालून आतले पाणी काढणे आणि झाडोऱ्याने पृष्ठभाग राखणे हे उपाय याच तत्त्वावर आधारलेले आहेत. आत काय घडते आहे ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून महत्त्वाच्या उतारांत व धरणांत पिझोमीटर बसवून छिद्रजलदाब नियमित मोजतात, आणि वाचन ठरलेल्या मर्यादेजवळ पोहोचले की जलाशय उतरवणे, भरावाचे काम थांबवणे किंवा उताराखालची वस्ती हलवणे असे निर्णय घेतात.