कच्चा टाका

सोलापुरात अशोक चौकाजवळ एका टेलरमास्तरांकडे कोट शिवायला टाकला होता. काळ्या कापडावर चक्क लाल दोऱ्याचा कच्चा टाका! मी बघतच राहिलो. मास्तर म्हणाले, "हाताला जे रीळ लागलं ते घेतलं. उसवायचाच आहे की ओ." पक्क्या शिलाईचा दोरा मात्र त्यांनी उजेडात नेऊन दोनदा कापडाशी ताडून पाहिला.

इन्सुलिन या प्रथिनाची शिलाई अशीच होते. पेशी आधी अमिनो आम्लांची एक लांब साखळी विणते. मधला तुकडा, सी-पेप्टाइड, दोन्ही टोकांना नीट जवळ येऊ देतो. गंधकाचे बंध पक्के झाले की तो कापून काढला जातो. उरतं ते 51 अमिनो आम्लांचं इन्सुलिन. डुकराच्या इन्सुलिनमध्ये आपल्यापेक्षा एकच अमिनो आम्ल वेगळं, गाईच्या इन्सुलिनमध्ये तीन. म्हणून तर मधुमेही माणसं वर्षानुवर्षं त्यांचं इन्सुलिन टोचून घेत होती. सी-पेप्टाइडची मात्र लांबीसुद्धा जुळत नाही: माणसात 31, डुकरात 29, गाईत 26.

दोन्ही भागांचं जनुक एकच, त्यामुळे पिढ्यानपिढ्या त्याची नक्कल होताना चुका दोन्हीकडे पडणारच. फरक पडतो तो कुठली चूक खपून जाते यात. जपानी जनुकशास्त्रज्ञ मोतू किमुरा यांनी 1968 मध्ये हेच मांडलं: रेणूंमधले टिकून राहिलेले बहुतेक बदल ना फायद्याचे, ना तोट्याचे. जिथे असे बिनधोक बदल जास्त शक्य, तिथे प्रथिन भराभर बदलतं.

दुसऱ्या टोकाला, जवळजवळ न बदलणारं, हिस्टोन एच-4 हे प्रथिन. कांडीवर सूत गुंडाळावं तसा डीएनए हिस्टोनांवर गुंडाळलेला असतो. एच-4 मध्ये शंभराच्या आसपास अमिनो आम्लं. गाय आणि वाटाणा यांच्यात त्यातली फक्त दोन वेगळी. एकीकडे डीएनए, दुसरीकडे शेजारचे हिस्टोन. हलायला जागाच नाही.

मग जे प्रथिन जास्त महत्त्वाचं ते सावकाश बदलतं, असं म्हणावं का? मलाही तसंच वाटायचं. पण 2001 मध्ये यीस्टवरच्या अभ्यासात वेगळंच ठळकपणे दिसलं: पेशी जे प्रथिन भरपूर बनवते, ते हळू बदलतं. एक स्पष्टीकरण घड्यांचं आहे. चुकीची घडी पडलेलं प्रथिन नुसतं वाया जात नाही, पेशीला अपायही करतं. एका गिऱ्हाइकाचा शर्ट कापताना कात्री चुकली तर एक शर्ट गेला. इथल्या गणवेशाच्या कारखान्यात कापडाचे थरावर थर रचून एकदम कापतात. तिथे आखणीच चुकली तर अख्खी थप्पी चिंध्यांत जाते.